थरांत दडलेलें तेल

विहीर म्हटली कीं घरामागचा आड किंवा मळ्यांतली बांधीव विहीर डोळ्यांपुढें येते. कांठावर ओणवें होऊन पाहिलें म्हणजे पाणी दिसतें. तें किती खोल आहे हें पोहरा सांगतो, आणि गोडें आहे कीं मचूळ हें जीभ सांगते. तेलविहिरीचें तसें नाहीं. ती असते वीतभर रुंद, आणि खोल मात्र दोन, तीन, प्रसंगीं पांच किलोमीटर. तिच्यांत डोकावतां येत नाहीं. आणि डोकावतां आलें तरी कांहीं दिसणार नाहीं, कारण खोदकाम चालू असतांना ती पातळ केलेल्या चिखलानें कांठोकांठ भरलेली असते. हा चिखल मुद्दाम घातलेला असतो. त्याच्या भारानें खडकांतील वायु व पाणी आवरून धरलें जातें आणि फोडलेल्या खडकाचा चुरा वर वाहून येतो. परंतु त्याच भारानें खडकांतलें तेलहि जागच्या जागीं दाबलें जातें. त्यामुळें विहीर तेलाच्या थरांतून आरपार गेली तरी वर उभ्या असलेल्या माणसांना त्याची वार्ता लागेलच असें नाहीं.

अशा विहिरीचें खोदकाम संपलें कीं एक निर्णय तातडीनें घ्यावा लागतो. आंत पोलादी नळ बसवून त्याला नेमक्या ठिकाणीं भोकें पाडावयाचीं आणि तेल काढावयाचें, कीं सिमेंटचीं बुचें मारून विहीर सोडून द्यावयाची? खोल समुद्रांत खोदकाम करणाऱ्या जहाजाचा एका दिवसाचा खर्च लाखों डॉलरांच्या घरांत जातो. तेव्हां विचार करावयास महिने मिळत नाहींत. या निर्णयाचा मुख्य आधार म्हणजे तारेच्या टोकाला बांधून विहिरींत सोडलेल्या यंत्रांनीं केलेली नोंद. तिला तेलाच्या धंद्यांत 'लॉग' म्हणतात. ही नोंद खोटें बोलत नाहीं. परंतु खडक जर पातळ पातळ थरांचा असेल, तर तिचें बोलणें शब्दशः घेणारा मनुष्य हटकून फसतो, आणि हातचें तेल जमिनींत सोडून परत येतो. हें कसें घडतें, आणि त्यांतून शास्त्रज्ञांनीं वाट कशी काढली, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीच्या पोटांत तेलाचीं तळीं असतात अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. भिजलेल्या विटेंत पाणी असतें तसें तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतें. वाळू दबून जो खडक बनतो त्याला वालुकाश्म म्हणतात. चांगल्या वालुकाश्माच्या १०० भागांत २० ते ३० भाग पोकळी असते. ही वाळू बहुधा समुद्रांत सांचलेली असल्यामुळें पोकळींत मूळचें खारें पाणी असतें. पुढें खालून वर सरकत आलेलें तेल त्यांतलें बरेंचसें पाणी हुसकून लावतें व त्याची जागा घेतें. पण सगळें पाणी जात नाहीं. वाळूच्या प्रत्येक कणाला त्याचा पातळ पापुद्रा चिकटून राहतोच. म्हणून प्रश्न 'तेल आहे कीं नाहीं' एवढाच नसतो. 'छिद्रांचा किती हिस्सा पाण्यानें व्यापला आहे' असा तो विचारावा लागतो.

याचें उत्तर वीज देऊं शकते. खाऱ्या पाण्यांतून वीज सहज वाहते. तेलांतून वाहत नाहीं, आणि वाळूच्या कणांतूनहि वाहत नाहीं. तेव्हां सच्छिद्र खडकानें विजेला मोठा अडथळा केला, तर त्याच्या छिद्रांत पाण्याऐवजीं दुसरें कांहीं तरी आहे असा तर्क करतां येतो. या अडथळ्याला विद्युद्रोध किंवा नुसतें रोध म्हणूं. तो ओहम-मीटर या मापानें मोजतात.

हा तर्क विहिरींत उतरविण्याचें श्रेय कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या फ्रेंच बंधूंचें. ५ सप्टेंबर १९२७ रोजीं फ्रान्समधील अल्सास प्रांतांत, पेशेलब्रॉन येथल्या जुन्या तेलक्षेत्रांत, कॉनराडचा जांवई आंरी डॉल यानें दोन सहकाऱ्यांसह पहिली विद्युत्-नोंद घेतली. त्यावेळीं सारेंच हातानें करावें लागे. यंत्र मीटरभर वर ओढावयाचें, थांबावयाचें, वाचन करावयाचें, वहींत लिहावयाचें, आणि पुन्हां ओढावयाचें. नंतर तीं सारीं वाचनें कागदावर मांडून रेघ काढली तेव्हां वेगवेगळे खडक त्या रेघेंत उंचवटे व खळगे होऊन स्पष्ट उमटले. तेथपासून तेलविहिरीच्या नोंदींचें शास्त्र सुरू झालें.

रेघेवरून अंदाज करण्याऐवजीं हिशेब करण्याची सोय पुढें १९४२ सालीं झाली. अमेरिकेंतील शेल कंपनीचे संशोधक गस आर्ची यांनीं वालुकाश्माच्या अनेक तुकड्यांवर मोजमापें करून एक साधा नियम मांडला. खडकांतील पाण्याचा रोध घ्यावा व त्याला सच्छिद्रतेच्या वर्गानें भागावें; म्हणजे तो खडक सबंध पाण्यानें भरलेला असतां त्याचा रोध किती असता तें कळतें. या आंकड्याला प्रत्यक्ष मोजलेल्या रोधानें भागून वर्गमूळ काढलें, कीं छिद्रांतील पाण्याचा हिस्सा हातीं येतो. उरलेला हिस्सा तेलाचा किंवा वायूचा. थोड्याफार फरकानें हा नियम आजहि जगभर वापरतात. मात्र त्याची एक अट आहे, आणि ती नियमांत लिहिलेली नसल्यामुळें सहज विसरली जाते. यंत्र ज्या खडकाचा रोध मोजतें तो सर्वत्र सारखा असला पाहिजे.

निसर्ग ही अट पुष्कळदां पाळीत नाहीं. वाळूबरोबर चिखलहि समुद्रांत येतो, आणि तो दबून शेल नांवाचा मऊ, पापुद्र्यांचा खडक तयार होतो. वाळू व चिखल आळीपाळीनें कसे सांचतात हें समजण्यास एका अपघाताची फार मदत झाली. १८ नोव्हेंबर १९२९ रोजीं कॅनडाच्या पूर्वेस, न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेकडील ग्रँड बँक्स या भागांत मोठा भूकंप झाला. अटलांटिक महासागराच्या तळावरून गेलेल्या तारायंत्राच्या बारा तारा तुटल्या. त्यांतल्या कांहीं धक्क्याबरोबर तुटल्या. बाकीच्या मात्र एकामागून एक, समुद्रतळाच्या उतारावर जों जों खालीं तों तों उशिरा तुटत गेल्या, आणि शेवटची तुटावयास तेरा तासांच्यावर वेळ लागला. तारा तुटल्याच्या वेळा तारकचेऱ्यांतून मिनिटांसुद्धां लिहिलेल्या होत्या. त्यांवरून १९५२ सालीं हीझन व युइंग या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, भूकंपानें सुटलेल्या गाळाचा एक लोंढा समुद्राच्या तळावरून वेगानें घसरत गेला व वाटेंतल्या तारा तोडीत गेला.

असा लोंढा मंदावला म्हणजे प्रथम वाळू खालीं बसते, मग बारीक रेती, आणि शेवटीं चिखल. त्यानंतर शेंकडों वर्षें शांततेंत नुसता चिखल सांचत राहतो. पुढें केव्हां तरी दुसरा लोंढा येतो. लोंढ्याच्या मुख्य पात्रांत वाळूचे थर मीटर-मीटर जाड असूं शकतात. पण पात्राच्या कांठावरून जें पाणी बाहेर सांडतें त्याच्यामागें वाळूचा थर उरतो तो कधीं बोटभर, कधीं कागदासारखा पातळ. मेक्सिकोच्या आखाताच्या तळाखालीं असे हजारों थर एकावर एक रचलेले आहेत. हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरीच्या मुखांपुढील खोल समुद्रांतहि गाळाच्या लोंढ्यांनीं रचलेले असे थर आहेत. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरीं उगम पावणारी कृष्णा यांनीं युगानुयुगें वाहून नेलेली दख्खनची माती त्या समुद्रांत जाऊन पडली आहे. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. खोल रोध मोजणाऱ्या जुन्या यंत्रांना एका वेळीं एक ते दोन मीटर उंचीचा खडक एकत्र 'दिसे'. अलीकडील सुधारलेलीं यंत्रें हें अंतर सुमारें ३० सेंटिमीटरांवर आणतात. पण थर जर दोन सेंटिमीटरांचा असेल तर या सुधारणेनें काय होणार? यंत्राला एकेक थर वेगळा दिसत नाहीं. त्याला सर्वांची मिळून सरासरी दिसते. जाड भिंगाच्या चष्म्यांतून ओळी दिसाव्यात पण अक्षरें दिसूं नयेत, तसा हा प्रकार आहे.

सरासरी दिसली तर बिघडलें काय, असें कोणीहि विचारील. निम्मी वाळू आणि निम्मा शेल असेल, तर निम्मेंशिम्में उत्तर मिळेल, आणि तें सुधारून घेतां येईल. दुर्दैवानें विजेची सरासरी इतकी निःपक्षपाती नसते. एका टांकीला दोन नळ शेजारीं शेजारीं जोडले, एक रुंद आणि एक सुईसारखा बारीक, तर जवळजवळ सगळें पाणी रुंद नळांतूनच जाईल; बारीक नळ आहे कीं नाहीं याचा पत्ताहि लागणार नाहीं. उलट तेच दोन नळ एकापुढें एक जोडले, तर पाण्याला बारीक नळांतून जावेंच लागेल, आणि सारा वेग तो बारीक नळच ठरवील. नळ तेच, पाणीहि तेंच. पण जोडणी बदलतांच उत्तर पार बदलतें.

आडव्या थरांच्या खडकांत नेमकें हेंच घडतें. शेलमध्यें खारें पाणी भरपूर असतें. शिवाय मातीच्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले विद्युद्भारित कणहि वीज वाहून नेतात. दख्खनच्या काळ्या जमिनींतील चिकणमाती या गुणांत विशेष पुढें असते. म्हणून शेल हा विजेचा रुंद नळ, आणि तेलानें भरलेली वाळू हा बारीक नळ. आंरी डॉल यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचें जें यंत्र आज सर्रास वापरांत आहे, त्यांतील वेटोळ्यांमुळें विहिरीभोंवतीं खडकांत विजेचीं आडवीं कडीं फिरूं लागतात. विहीर उभी आणि थर आडवे असले, तर ही वीज थरांच्या बाजूबाजूनें, म्हणजे शेजारीं जोडलेल्या नळांतून जावी तशी जाते. अर्थात् ती शेलमधून जाते, आणि वाळूला वळसा घालते.

एक साधा हिशेब करून पाहिला म्हणजे या पक्षपाताची कल्पना येईल. समजा, १० मीटर जाडीचा एक पट्टा आहे. त्यांत वाळू व शेल निम्मेनिम असून प्रत्येक थर २ सेंटिमीटरांचा आहे. म्हणजे एकंदर ५०० थर झाले. वाळूची सच्छिद्रता शेंकडा ३०, तिच्यांतील पाण्याचा रोध ०.०५ ओहम-मीटर, तेलासह वाळूच्या थराचा रोध २०, आणि शेलचा १. वाळूचा एकच थर वेगळा काढून आर्चींचा नियम लावला, तर छिद्रांत पाणी शेंकडा १७ व तेल शेंकडा ८३ असें उत्तर येतें. कोणालाहि हेवा वाटावा असा हा थर आहे! पण यंत्राला तो एकटा सांपडत नाहीं. दोहोंचा मिळून आडवा रोध येतो फक्त १.९. हाच आंकडा वाळूचा म्हणून नियमांत घातला, तर पाणी शेंकडा ५४ निघतें. निम्म्याहून अधिक पाणी निघालें कीं पट्टा सोडून द्यावा असा ठोकताळा जेथें असेल, तेथें हा सबंध १० मीटरांचा पट्टा आणि त्यांतली ५ मीटर उत्तम तेलवाळू एका रेघेनें खोडली जाईल.

याहूनहि विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. वाळूचा रोध २० ऐवजीं २०० असता, म्हणजे तेल त्याहूनहि दाट भरलेलें असतें, तर यंत्रानें काय दाखविलें असतें? १.९ च्या जागीं सुमारें २.० एवढेंच! वाळूचा रोध दसपट वाढला तरी नोंदीच्या रेघेंत फरक पडला केसाएवढा. म्हणजे तेलाविषयीं विचारलेल्या प्रश्नाला येथें शेलच उत्तर देत असतो, आणि तें उत्तर शेलपुरतें अगदीं खरें असतें.

मग वीज थरांना छेदून, वरून खालीं पाठविली तर? तेव्हां नळ एकापुढें एक जोडल्यासारखे होतात, आणि विजेला वाळूंतून जाण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. वरच्याच उदाहरणांत उभा रोध १०.५ येतो, आणि वाळूचा रोध २०० धरला तर तो एकदम १०० च्या वर जातो. जें आडव्या दिशेनें झाकलेलें होतें तें उभ्या दिशेनें उघडें पडतें. हें गणित पुष्कळ पूर्वींपासून ठाऊक होतें. अडचण होती ती उभा रोध मोजावयाच्या यंत्राची. सुमारें २००० सालापासून तीन परस्पर-काटकोनी दिशांनीं वेटोळीं बसविलेलीं यंत्रें विहिरींत जाऊं लागलीं, आणि आडवा व उभा असे दोन्ही रोध एकाच फेरींत मिळूं लागले. दोन मोजमापें हातीं आलीं म्हणजे दोन अज्ञात गोष्टी काढतां येतात: पट्ट्यांत वाळूचा हिस्सा किती, आणि त्या वाळूचा स्वतःचा रोध किती. शेलचा रोध जवळपासच्या जाड शेलवरून घ्यावा लागतो. तेथेंहि सावधगिरी हवीच. कारण शेल स्वतःच पापुद्र्यांचा असल्यामुळें त्याचाहि उभा रोध आडव्याहून अधिक असतो. हें विसरलें तर नसलेली वाळू हिशेबांत दिसूं लागते.

परंतु या सर्वांच्या आधीं एक प्रश्न सोडवावा लागतो. पट्ट्यांत माती निम्मी आहे हें कळलें, तरी ती कोणत्या रीतीनें आहे? मातीचें प्रमाण बहुधा गॅमा किरणांच्या नोंदीवरून काढतात. शेलमध्यें पोटॅशियम, थोरियम व युरेनियम यांचा अंश अधिक असल्यानें तो अधिक किरण सोडतो. स्वच्छ वाळू फारच थोडे सोडते. पण ही नोंदहि सरासरीच आहे. माती थराथरानें असो कीं वाळूच्या छिद्रांत कोंबलेली असो, किरण तितकेच. चिरोट्याचें उदाहरण घ्या. पोळीला साटा लावून पदर केले तर तळतांना ते सुटे होतात; तेंच तूप व तीच पिठी कणकेंत एकत्र मळून टाकली तर पदर मुळींच होत नाहींत. साहित्य तेंच, वजन तेंच, पण वस्तु निराळी. खडकांतहि तसेंच आहे. माती पदरापदरांनीं असेल तर मधली वाळू स्वच्छ राहते आणि तिच्यांतून तेल मोकळेपणीं वाहतें. तीच माती छिद्रांत भरली असेल तर वाट बुजते, आणि असलेलें तेलहि जागचें हालत नाहीं.

या दोहोंतील भेद ओळखण्याची युक्ति टॉमस व स्टीबर या दोघांनीं १९७५ सालीं दाखविली. गॅमा किरणांवरून निघालेलें मातीचें प्रमाण आणि खडकाची एकूण सच्छिद्रता हीं दोन्ही एकाच आलेखावर मांडावयाचीं. माती छिद्रांत बसत असेल, तर ती पोकळी खात जाते आणि सच्छिद्रता झपाट्यानें उतरते. माती थरांनीं असेल, तर ती वाळूचा थर त्याच्या कणांसकट आणि पोकळीसकट बाजूला सारून स्वतःची पोकळी घेऊन येते; त्यामुळें सच्छिद्रता संथपणें, सरळ रेषेंत बदलते. आणि वाळूच्या कणांऐवजीं मातीचे गोळेच कण होऊन बसले असतील तर एकूण सच्छिद्रता उलट वाढते. आलेखावरचा ठिपका कोणत्या रेषेजवळ पडतो हें पाहिलें, कीं खडकाची ठेवण कळूं लागते. एकेकटी नोंद जें सांगूं शकत नाहीं तें दोन नोंदी एकमेकींशेजारीं ठेवल्यानें कळतें, हें या युक्तीचें मर्म.

तरी हें सारें अनुमानच. थर प्रत्यक्ष दिसावेत अशी सोय १९८० नंतरच्या दशकांत झाली. विहिरीच्या भिंतीवर दाबून धरलेल्या गाद्यांवर गुंडीएवढीं कित्येक विद्युदग्रें बसवितात, आणि यंत्र वर ओढतांना प्रत्येकाचें वाचन वेगळें टिपतात. त्यांतून भिंतीचें एक चित्रच उमटतें. त्यांत सुमारें अर्ध्या सेंटिमीटरापर्यंतचा तपशील ओळखतां येतो. त्या चित्रांत वाळूचे पांढुरके व शेलचे काळसर पट्टे मोजून वाळूची एकंदर जाडी काढतां येते. मात्र हें चित्र भिंतीच्या अगदीं पृष्ठभागाचें असतें. तेथलें तेल खोदकामाच्या चिखलांतील पाण्यानें आधींच मागें सारलेलें असतें. म्हणून थर किती हें चित्रानें सांगावें, आणि त्यांत काय आहे हें खोल पाहणाऱ्या यंत्रानें सांगावें, अशी ही वांटणी आहे.

दुसरी एक साक्ष चुंबकीय यंत्राची. खडकांतील पाणी, तेल व वायु या तिहींत हायड्रोजन असतो. चुंबकाच्या साह्यानें त्याच्या अणुगर्भांना एका दिशेस वळवून डिवचलें, तर त्यांचा प्रतिसाद किती वेळ टिकतो हें छिद्राच्या आकारावर अवलंबून असतें. शेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत तो तीन मिलिसेकंदांच्या आंत विझतो. वाळूच्या मोठ्या छिद्रांत शेंकडों मिलिसेकंद टिकूं शकतो. थर कितीहि पातळ असले तरी हे दोन गट वेगळे राहतात. आलेखांत दोन उंचवटे दिसले, एक अल्पजीवी व एक दीर्घजीवी, तर मळलेल्या कणकेपेक्षां पदरांचा संशय घेण्यास चांगलें कारण मिळतें. आणि अखेरची साक्ष प्रत्यक्ष वस्तूची: विहिरींतून काढलेला खडकाचा दांडा, किंवा भिंतीला नळी लावून शोषून घेतलेला द्रव. पण पातळ थरांत याहि साक्षीला दैवाची साथ लागते. काहीं सेंटिमीटर रुंदीची नळी नेमकी शेलवर टेंकली तर एक थेंबहि येत नाहीं, आणि त्यावरून 'खडक कोरडा' म्हणणारा पुन्हां फसतो.

येथवरच्या विवेचनावरून असें वाटण्याचा संभव आहे, कीं नोंद नेहमीं कमीच सांगते आणि शहाण्यानें आंकडा वाढवून घ्यावा. तसें मुळींच नाहीं. २००६ सालीं 'जॉइडीस रेझोल्यूशन' या संशोधन-जहाजानें हिंदुस्थानच्या समुद्रांत गॅस-हायड्रेटचा, म्हणजे बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेल्या ज्वालाग्राही वायूचा, शोध घेतला. कृष्णा-गोदावरीच्या मुखांपुढें एका ठिकाणीं समुद्रतळाखालीं शंभराहून अधिक मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त पट्टा सांपडला. विजेच्या नोंदीला नेहमींचा नियम लावला तेव्हां छिद्रांत हायड्रेटचें प्रमाण फारच मोठें निघालें. पण खालचा दाब कायम राखून वर आणलेल्या दांड्यांतील वायु मोजला तेव्हां तें पुष्कळच कमी भरलें. कारण उघड होतें. येथें हायड्रेट आडव्या थरांत नव्हतें, तर मातींतील जवळजवळ उभ्या भेगांत भरलेलें होतें. आडव्या विजेला त्या भेगा आडव्या आल्या. बारीक नळ एकापुढें एक लागले, आणि रोध फुगला. आडव्या थरांनीं जेथें तेल लपविलें असतें, तेथें उभ्या भेगांनीं वायु वाढवून दाखविला. म्हणून आंकडा वाढवावा कीं घटवावा हें आंकड्यावरून कळत नाहीं. खडकाची ठेवण कळली तरच तें कळतें.

हिंदुस्थानाला लागणाऱ्या कच्च्या तेलांपैकीं चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून येतें. त्यांत मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर १९७४ सालीं सांपडलेल्या मुंबई हायसारखीं मोठीं क्षेत्रें, जेथें मुख्य सांठा चुनखडीच्या खडकांत आहे, वारंवार मिळत नाहींत. जीं ठळक होतीं तीं बव्हंशीं आधींच सांपडलीं. शोधकांच्या वांट्याला उत्तरोत्तर अवघड खडक येत आहेत, आणि पातळ थर हे त्यांतलेच. अशा वेळीं एका विहिरीविषयींचा चुकीचा निर्णय दोन्हीकडून महाग पडतो. असलेलें तेल नाहीं म्हटलें तर तें सिमेंटच्या बुचाखालीं जातें. नसलेलें आहे म्हटलें तर त्याच्या भरंवशावर समुद्रांत उभारलेलें सारें बांधकाम वायां जातें.

मेक्सिकोच्या आखातांत या शास्त्राचें एक फळ असें मिळालें, कीं पूर्वीं 'पाण्याचे' म्हणून सोडून दिलेल्या पट्ट्यांच्या जुन्या नोंदी पुन्हां काढून वाचल्या गेल्या, आणि त्यांतल्या कांहीं पट्ट्यांतून पुढें तेल व वायु निघाला. त्या नोंदींतलें एकहि वाचन बदललेलें नव्हतें. ज्या रेघेवर एकदां 'पाणी' असें लिहिलें गेलें होतें, तीच रेघ तशीच होती. तिला हा प्रश्न मात्र प्रथमच विचारला गेला, कीं ही सरासरी कोणकोणत्या थरांची, आणि ती कोणत्या दिशेनें घेतली.